गुलामांच्या गोष्टी वर्गात आणताना: शिक्षकांना आणि प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
माध्यमिक शाळांतील मराठी आणि इतिहासाचे शिक्षक, मुख्याध्यापक, तसेच किशोरवाचकांसाठी पुस्तके काढणारे प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

नववीच्या कोणत्याही वर्गात ‘गुलामगिरी’ हा शब्द फळ्यावर लिहा आणि मुलांना सुचेल ते सांगू द्या. कापसाचे मळे, चाबूक, साखळदंड, अमेरिका, अब्राहम लिंकन. बहुतेकदा यादी इथेच संपते. विकल्या गेलेल्या एकाही माणसाचे नाव तीत येत नाही. हिंदी महासागर येत नाही, गोवा येत नाही, नाशिक तर नाहीच नाही.

आमची मागणी अशी आहे. येत्या शैक्षणिक वर्षात आठवी, नववी किंवा दहावीपैकी एका इयत्तेला आठ तासिका द्या. मराठी आणि इतिहास यांनी चार-चार वाटून घेतल्या तर कोणाचाच अभ्यासक्रम अडत नाही. त्या आठ तासिकांत वसाहतकाळातल्या गुलामांचे आयुष्य ऐतिहासिक कथेतून शिकवा. आणि ती कथा एकटी वाचू नका. त्या काळच्या एखाद्या अस्सल कागदाशेजारी ठेवून वाचा. या शेवटच्या अटीवर आमचा सगळा भर आहे, कारण चांगल्या हेतूने केलेले प्रयत्न फसतात ते इथेच.

नुसता इतिहास सांगितला तर काय होते ते पाहा. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपला ठाणे वसवले. तेव्हापासून १८०८ पर्यंत तिथे सुमारे ६३ हजार माणसे गुलाम म्हणून आणली गेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा भारत आणि श्रीलंकेतला होता. विद्यार्थी हा आकडा वहीत उतरवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मूळ खरेदीखत उघडले तरी नाव, मुलूख, वय, किंमत, विकणारा, घेणारा एवढेच हाती लागते. नावही त्या माणसाचे स्वतःचे नसते. मालकाने ठेवलेले जानेवारी, फेब्रुवारी, सप्टेंबर असे महिन्याचे नाव, नाहीतर क्युपिडो, टायटस असे जुन्या रोमचे. पुढे ‘व्हॅन बेंगालन’, ‘व्हॅन मलबार’, ‘व्हॅन दे कुस्ट’, म्हणजे बंगालचा, मलबारचा, चोळमंडळ किनाऱ्याचा. आईने ठेवलेले नाव कोणते, जहाजावर शेजारी कोण होते, पहिल्या रात्री कोणत्या भाषेत पाणी मागितले, हे त्या कागदात नाही. तिथून पुढचे काम कथाकाराचे आहे.

उलट नुसती कथा वाचली तर वर्गाचे दोन तट पडतात. अर्धी मुले त्यातले अक्षर न् अक्षर घडलेले मानतात. उरलेली ‘हे काय, गोष्टच आहे’ म्हणून झटकून टाकतात. दोघांनाही समजावून उपयोग होत नाही. समोर कागद असला की मात्र लेखकाने कुठे आधार घेतला, कुठे अंदाज बांधला आणि कुठे निव्वळ कल्पना केली, हे मुले स्वतः शोधू लागतात. हे शोधण्यासाठीच आठ तासिका हव्यात.

कोणता प्रदेश निवडावा, यावर आमचे मत पक्के आहे: सुरुवात अटलांटिकपासून करू नका, हिंदी महासागरापासून करा. गोवा, केप आणि नाशिक ही तीन ठिकाणे आमच्या पोरांच्या नकाशावर चटकन सापडतात आणि तिन्हींसाठी भक्कम साधने आहेत.

गोव्यासाठी लिन्स्कोटेन या डच तरुणाचे वर्णन घ्या. तो १५८३ पासून पाचेक वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता आणि त्याचे पुस्तक १५९६ मध्ये छापले गेले. जुन्या गोव्यातल्या ‘रुआ दिरैता’ या हमरस्त्यावर रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ लिलाव चाले, आणि घोड्यांसोबत, मसाल्यांसोबत माणसेही विकायला उभी असत, असे तो लिहितो. पण वर्गासाठी त्याहून मोलाचा तपशील वेगळाच आहे. पोर्तुगीज घरांतल्या गुलाम बायका फळांचे मुरंबे करत, बारीक भरतकाम करत. त्यांतल्या तरुण मुलींना नटवून तो माल रस्त्यावर विकायला पाठवले जाई आणि मिळकत मालकाच्या घरी जाई. चौदा वर्षांच्या वाचकाला इथे आपल्याच वयाची मुलगी दिसते. तिला गावाचे सगळे रस्ते ठाऊक आहेत, ती गिऱ्हाइकांशी घासाघीस करते, हिशेब तोंडपाठ ठेवते, आणि संध्याकाळी एकही पैसा तिचा नसतो. साखळदंड न दाखवता गुलामगिरी दाखवता येते ती अशी.

केपसाठी १७५४ चे गुलामविषयक नियम घ्या. गव्हर्नर टुलबाख यांनी जुने हुकूम एकत्र करून ते काढले. रात्री दहानंतर गुलामाने घराबाहेर असू नये, असलाच तर हातात कंदील हवा. रस्त्यावर घोड्यावर बसू नये. रात्री गाऊ नये, शीळ घालू नये. रस्त्यात थांबून दुसऱ्या गुलामाशी बोलत उभे राहू नये. प्रार्थना चालू असताना चर्चच्या दाराशी घोळका करू नये. मालकावर हात उगारला तर मृत्यू.

हे नियम मुलांना उलटे वाचायला शिकवा. पाचवी तासिका आम्ही पूर्ण यालाच देऊ. जे कोणी करतच नाही त्यावर बंदी घालावी लागत नाही. शीळ घालायला मनाई आहे म्हणजे अंधारात कोणीतरी शीळ घालत होते. कोणासाठी? रस्त्यात बोलायला मनाई आहे म्हणजे पाणी भरायला, सरपण आणायला निघालेली माणसे वाटेत थांबत होती, निरोप देत होती, भाषा जुळवत होती. चार-चार मुलांच्या गटाला एकेक नियम द्या आणि ‘हा नियम कोणी, केव्हा, कशासाठी मोडला असेल’ याची दोन-तीन वाक्ये लिहून घ्या. वीस मिनिटे पुरतात. सत्ताधाऱ्यांच्या कागदातून सत्ता नसलेल्यांची हालचाल वाचायची सवय यातून लागते आणि ती पुढे कोणत्याही काळाच्या इतिहासात कामाला येते.

केपचाच आणखी एक कागद फार बोलका आहे. १६५८ मध्ये ‘आमर्सफोर्ट’ जहाजातून आणलेल्या अंगोलाच्या गुलामांसाठी तिथे शाळा काढली गेली. त्यांनी नीट शिकावे म्हणून प्रत्येकाला पेलाभर ब्रँडी आणि दोन इंच तंबाखू देण्याची नोंद कमांडर व्हॅन रीबेक यांच्या रोजनिशीत आहे. त्यांत लहान मुलेही होती. ही नोंद वाचून वर्गात कुणी हसले तर हसू द्या. मग विचारा, ही शाळा कोणाच्या सोयीची होती?

आता नाशिक. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना त्या नावामागची गोष्ट ठाऊक नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूरची वस्ती वसवली, आणि पुढे तिथे आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम चालला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारी गलबते ब्रिटिश नौदल पकडी. त्यांतली मुले मुंबईला उतरवली जात आणि काही नाशिकला येत. त्यांना नवी नावे मिळाली, बाप्तिस्मा मिळाला, सुतारकी, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकवले गेले. न्यासा सरोवराकडचा, याओ जमातीचा जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्याकडे जी तुकडी पाठवली गेली तीत तो होता. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्यावरचा प्रार्थनापाठ वेनराइटने वाचला, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग सोबत्यांनी तो देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो एकटाच आफ्रिकी होता. त्याने स्वतःची रोजनिशीही ठेवली होती.

या कथानकात एक मोठा खड्डा आहे आणि बहुतेक लेखक त्यात पडतात. नौदलाचा कप्तान येतो, गलबत पकडतो, मुले सुटतात, पुस्तक संपते. म्हणजे नायक कप्तान! मुलांची गोष्ट खरी सुरू होते ती त्यानंतर: घरी परत जाता येत नाही, नाव बदलले आहे, ज्या देशाचे नावही ऐकले नव्हते तिथे भाता ओढायला शिकायचे आहे. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवले गेले. त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव होते, आणि नाशिकला वाढलेले कितीतरी जण तिथे गेले. सुटका झालेल्या मुलाला ‘आता तुला काय हवे’ असे कोणी विचारले का, हा प्रश्न ज्या कथेत उभा राहतो ती कथा निवडा.

प्रत्यक्ष वर्गातली रीत सांगतो. पहिल्या तासिकेत कथा काढूच नका. फक्त कागद: एका पानात बसेल असा, सोप्या मराठीत उतरवलेला. दोघांत एक प्रत. मुलांनी दोन रकाने करायचे, ‘हा कागद काय सांगतो’ आणि ‘काय सांगत नाही’. दुसरा रकाना पहिल्याहून लांब झाला पाहिजे. नाही झाला तर घाई करू नका, तिथेच थांबा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेत उतारा. साठ मुलांच्या वर्गाला कादंबरीच्या तीस प्रती परवडत नाहीत, हे आम्ही जाणतो. पंधराशे ते अठराशे शब्दांचा एक सलग उतारा पुरे. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटे लागतात, उरलेल्या वेळात बोलता येते. वाचन शिक्षकानेच करावे. मुलांना पात्रे वाटून देऊ नका. गुलामाचे संवाद सावळ्या मुलाकडे जातात, मालकाचे मॉनिटरकडे, आणि तासिका संपल्यावर त्या मुलाला वर्षभर ‘हबशी’ म्हणून चिडवले जाते. हे हमखास घडते आणि ते नंतर निस्तरता येत नाही.

चौथ्या तासिकेला लाल आणि निळी पेन्सिल. कागदात आहे ते लाल, कागदावरून शक्य वाटते ते निळे, लेखकाचे स्वतःचे ते कोरे. पहिल्या फेरीत मुले सगळेच निळे करतात, कारण ‘शक्य तर काहीही आहे’. म्हणून प्रत्येक निळ्या ओळीशेजारी एका वाक्यात कारण लिहायला लावा. कारण सुचले नाही तर रंग पुसायचा.

सहावी तासिका नकाशा आणि ऋतूंची. मोझांबिकहून गोव्याला येणारे जहाज नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या अखेरीस, म्हणजे साधारण सप्टेंबरात पोहोचे, आणि परतीचा वारा हिवाळ्यात मिळे. जून-जुलैत मांडवीचे मुख बंद. तेव्हा ‘आषाढातल्या धुवाधार रात्री जहाज गोव्याच्या धक्क्याला लागले’ अशी सुरुवात कितीही सुंदर असली तरी ती होऊ शकत नाही. अशी चूक विद्यार्थ्याला स्वतः सापडली की त्याचा आनंद पाहण्यासारखा असतो. उताऱ्यात नसेल तर शिक्षकाने सरावासाठी एखादी मुद्दाम रचावी.

सातव्या तासिकेत लेखन. ‘तुम्ही गुलाम आहात अशी कल्पना करून रोजनिशी लिहा’ हा स्वाध्याय कृपया बंद करा. रोजनिशीला कागद लागतो, अक्षरओळख लागते, एकांत लागतो; यांतले काहीच बहुतेकांकडे नव्हते. शिवाय मुले त्यात आजची भाषा घालतात, ‘माझे हक्क’, ‘मला न्याय हवा’, आणि शेवटी हटकून मृत्यू येतो. त्याऐवजी तृतीयपुरुषी दीडशे शब्दांचा एकच प्रसंग द्या. त्यात कागदातले तीन तपशील हवेत, हाताळता येईल अशी एक वस्तू हवी (कंदील, मुरंब्याची बरणी, लोहाराची सांडशी), आणि त्या माणसाने एक लहानसा का होईना निर्णय घेतलेला हवा. मारहाण नको. ही अट घातली नाही तर साठपैकी पन्नास निबंधांत चाबूकच येतो आणि माणूस नाहीसा होतो.

निर्णयाचा नमुना हवा असेल तर ‘मेर्मिन’ जहाजाची हकिकत सांगा. १७६६ मध्ये मादागास्करहून केपला सुमारे १४० जणांना नेत असताना अधिकाऱ्यांनी त्यांच्यातल्या काहींना भाले साफ करायला दिले. त्यांनी त्याच भाल्यांनी जहाज घेतले आणि मायदेशी चला म्हणाले. खलाशांनी दिवसा एक दिशा धरली, रात्री दुसरी, आणि जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी आणले. बंड फसले, पुढाऱ्यांपैकी मसावाना रॉबेन बेटावर कैदेत वारला. फसलेले बंडही शिकवावे. मुलांना विचारा, किनारा आपला नाही हे त्यांना कशावरून कळले असेल?

हिंसेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी निवडलेल्या उताऱ्यांत मिळून मारहाणीचा एक प्रसंग असावा, जास्त नको, आणि त्याची कल्पना आदल्या दिवशी द्यावी. लैंगिक अत्याचार लपवू नयेत. केपच्या कंपनीच्या गुलामखान्यात रात्री खलाशी येत, हे नोंदलेले आहे. ते एका सरळ वाक्यात सांगावे, त्याचे दृश्य रंगवू नये, आणि त्या दिवशी समुपदेशक किंवा मुलांचा विश्वास असलेली शिक्षिका शाळेत हजर असावी. लिलावाचे नाट्यीकरण तर कोणत्याही कारणाने करू नका, स्नेहसंमेलनातही नाही. त्यातून सहानुभूती येत नाही. उभे राहणाऱ्याचा अपमान तेवढा होतो.

आपल्या वर्गांत जातीचा प्रश्नही बसलेला असतो. वेठबिगारी, सालगडी यांच्याशी तुलना मुले आपणहून करतील. करू द्या, साम्य आणि फरक दोन्ही मांडू द्या. पण ‘तुझ्या घरी काय सांगतात?’ असे कोणा एका विद्यार्थ्याला उभे करून विचारू नका. साक्ष द्यायची जबाबदारी त्याची नाही.

आणि ‘हे सगळे परक्यांचे पाप’ असा सूर निघाला तर अठराव्या शतकातले पेशवे दफ्तर उघडा. कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री, त्यांच्या किमती, कोठीवर आणि मुदपाकखान्यात त्यांना लावलेली कामे यांच्या नोंदी तिथे आहेत, मोडीत, आपल्याच भाषेत. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या पाचव्या कायद्याने गेली. पोर्तुगीज मुलखांत ती रद्द करणारा हुकूम १८६९ चा. एक तासिका यासाठी वाढवावी लागली तर वाढवा.

प्रकाशकांना वेगळे सांगायचे आहे. किशोरांसाठी १२० ते १६० पाने पुरतात. शेवटी लेखकाचे दोन पानांचे टिपण अनिवार्य करा: काय घडलेले, काय रचलेले. नकाशा द्या. मुखपृष्ठावर बेड्या नकोत, काम करणारा किंवा बोलणारा माणूस हवा. संहिता दोघांकडून वाचून घ्या, एक त्या काळाचा अभ्यासक आणि एक चौदा वर्षांचा वाचक. दुसऱ्याने जिथे पुस्तक खाली ठेवले तिथे खूण करा. गुलाम पात्रांच्या तोंडी तुटकी हिंदी किंवा ओढूनताणून केलेली गावरान बोली घालणाऱ्या लेखकाला संहिता परत द्या. आपसांत बोलताना ती माणसे अस्खलित बोलत होती. केपला मलय आणि मोडकी-जुळवलेली पोर्तुगीज या त्यांच्या समाईक भाषा होत्या. मराठीत त्यांना चांगली, नेहमीची मराठी द्या. अडखळायचे असेल तर मालकाने अडखळावे. ‘दयाळू मालक’ हे पात्र एकदा तरी विचारून तपासा: तो दयाळू आहे, तर सोडून का देत नाही?

परीक्षेत ‘गुलामगिरीचे दुष्परिणाम लिहा, पाच गुण’ असा प्रश्न काढला की आठ तासिका वाया गेल्या असे समजा. न पाहिलेला चार ओळींचा कागद आणि त्यावर बेतलेला दहा ओळींचा उतारा द्या, आणि लेखकाने काय भर घातली ते विचारा. आठवी तासिका याच्याच सरावाची.

शेवटची विनंती पुन्हा प्रकाशकांना, कारण तिच्यावाचून शाळांचे घोडे अडते. ज्यांच्या यादीत अशी पुस्तके आहेत त्यांनी प्रत्येकातली आठ ते दहा सलग पाने वर्गात छायाप्रत काढून वाचण्याची लेखी परवानगी शाळांना विनामूल्य द्यावी. एप्रिलअखेर ती मिळाली तर मे महिन्यात उतारे आणि कागद यांच्या जोड्या लावता येतील आणि जूनमध्ये शाळा उघडताना त्या शिक्षकांच्या हाती असतील.

कळावे, लोभ असावा.

आपले,
किशोरसाहित्य आणि इतिहास-अध्यापन या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण